उपाशी साबण

साबणाला जीभ लावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. नागपूरच्या सक्करदऱ्यात त्यांच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली होती आणि हा देश पत्रकांनी बदलणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. रॉकेलवर पत्रक, रेशनच्या मापावर पत्रक, साबण दडवून भाव चढवणाऱ्या दुकानदारांवर तर तीन पत्रकं. आमच्या महागाईविरोधी समितीचं सायक्लोस्टाइल यंत्र माझ्याच खोलीत होतं. पहिल्याच सकाळी शाईचे हात धुवायला अंगणात गेले, तर हे गृहस्थ फळीवर मांडलेल्या वड्यांतली एक उचलून जिभेच्या शेंड्याला लावत होते. साठी उलटलेली, अंगात बनियन, खाली खाकी हाफपँट. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग वडी जागेवर ठेवून भिंतीवर खडूनं लिहिलं, ‘नापास.’

“काका, हे काय करताय?”

“पेपर तपासून राहिलो.”

“जिभेनं?”

“मंग काय चष्म्यानं? जिभेले करंट लागला म्हणजे साबण उपाशी हाय. कॉस्टिक उरलं पोटात. त्याले तेल पुरलं नाही. आता असा उपाशी साबण तू अंगाले लावशीन, तर तो तुले खाईन.” आणि आत वळून हाक मारली, “अवं, ही बॅच सप्लिमेंटरीले बसवा लागते!”

आतून काकूंचा आवाज आला, “तुमीच बसा तिच्यासंगं!”

मी खोली बघायला आले होते तेव्हाही असंच झालं होतं. नागपुरात एकट्या मुलीनं खोली मागितली की आधी आडनाव विचारतात, मग नवरा कुठे आहे ते, मग मांस-मच्छी. सात घरांत ही चौकशी ऐकून माझं डोकं फिरलेलं होतं. या माणसानं यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, “हात दाखव.” ज्योतिषी असेल तर इथूनच परत जायचं, असं ठरवून मी हात पुढे केला. त्यांनी रेषा पाहिल्याच नाहीत. नखं पाहिली, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “शाई रॉकेलनं धुते काय वं?” मी हो म्हटलं. “नको धूत जाऊ. खोली घे. मोरी तिकडे हाय.”

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, हात राहायचे. पोस्टमन बदलला हे त्यांना चार दिवसांनी कळलं, पण नव्या पोस्टमनच्या करंगळीला नायटा आहे हे पहिल्या पत्रालाच कळलं होतं.

लोक त्यांना शास्त्रज्ञ समजायचे. मी त्यांना कामगार समजायचे आणि तसं एकदा भाषणात म्हणालेही. दोन्ही त्यांना आवडायचं नाही. “मी धुणारा,” ते म्हणायचे. एका विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं परीक्षानळ्या, फ्लास्क, चंचुपात्रं धुतली होती. पोरांनी प्रयोग करायचे, प्राध्यापकांनी सह्या करायच्या आणि काकांनी सोडा घालून धुवायचं. निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि हातांची कातडी इतकी गेलेली होती की शालीची लोकर बोटांना अडकायची. यावर मी पेटून उठले, नुकसानभरपाईचा अर्ज लिहिते म्हणाले. त्यांना अर्जात काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. जी वस्तू मळ काढते, ती हात का काढून नेते? आणि मळ काढून हात ठेवून जाईल अशी वस्तू घरी करता येते का?

त्यासाठी बकरी आली.

ती त्यांनी खाप्याहून आणली. एसटीचा कंडक्टर बकरीचं तिकीट फाडेना, टपावर बांधू द्यायला काका तयार होईनात. “घाबरली तर दूध चोरते ते,” म्हणून दोन दिवस तिच्यासोबत पायी चालत आले, वाटेत एका शाळेच्या पडवीत दोघं झोपले. तिचं नाव त्यांनी ‘मॅडम’ ठेवलं. आपल्या मर्जीनं देते आणि मर्जी नसली की लाथ मारते, अशा प्राण्याला दुसरं काय नाव द्यायचं, असा त्यांचा सवाल होता. मॅडमला बाभळीच्या शेंगा आवडायच्या आणि माझी पत्रकं आवडायची. रॉकेलवरचं अख्खं पत्रक तिनं एका दुपारी संपवलं. “तुझं लिखाण पचते बरं तिले,” काका म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

साबण करायचा दिवस म्हणजे घरात मुंज असल्यासारखी धांदल. पहाटे दूध काढायचं. ते चुलीजवळही न्यायचं नाही. सायकलवर पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. ती फोडून घमेल्यात भरायची, वर खडेमीठ, आणि मधोमध दुधाचा स्टीलचा गंज, म्हणजे उभट पातेलं. दूध काठाकाठानं गोठून रवाळ झालं की काका चिमूटचिमूट कॉस्टिक सोडा सोडायचे आणि लाकडी पळीनं ढवळायचे. दुसरीकडे मोहाच्या बियांचं तेल, खोबरेल आणि थोडं एरंडी असं एकत्र वितळवून ठेवलेलं. ते दुधात सोडून पुन्हा ढवळत बसायचं, पळी उचलल्यावर पडलेल्या धारेची रेघ वर तशीच राहीपर्यंत. मग खडूच्या रिकाम्या लाकडी पेट्यांत ओतायचं आणि दीड महिना हात लावायचा नाही.

“यायले घरातले गंज पुरत नाही,” काकू दारातून बोलत राहायच्या. “बर्फ आणते, मीठ घालते, दूध फिरवते. माणसानं कुलफी तरी कराव! लेकरंबाळं खाईन!”

मी असा एकच दिवस पाहिला, तोही अर्धा. साडेदहाला माझी सभा होती.

काका साबण विकत नसत. मला हे पहिल्यापासून खटकायचं. महिन्याला एकच बॅच, दहा वड्या. माणूस यायचा, हात दाखवायचा, काका त्याला वीस प्रश्न विचारायचे आणि मग वडी द्यायची की नाही ते ठरवायचे. मी म्हटलं, “काका, शंभर करा. बाजारभावाच्या निम्म्यानं विकू. साठेबाजांचं नाक कापू.”

“इकला तर कोणाच्या हाताले लागून राहिला ते मले कसं समजन?”

“मग कृती लिहून द्या, लोक करतील.”

“लिहून काय समजते? ये, बस, पाह्य. तीन बॅचा पाह्य.”

तीन बॅचा म्हणजे तीन महिने. मला ही उघडउघड ज्ञानाची साठेबाजी वाटली. तांदूळ दडवणारा व्यापारी आणि कृती दडवणारा म्हातारा यांच्यात मला फरक दिसेना, आणि तसं मी त्यांच्या तोंडावर बोललेही. ते म्हणाले, “बरोबर हाय तुझं,” आणि मॅडमला शेंगा टाकायला गेले.

गिरजाबाईंना त्यांच्याकडे मीच घेऊन गेले होते. पारडीकडे एका गल्लीत बिड्या वळणाऱ्या बायांची वस्ती होती. तिथं आमची सभा व्हायची आणि गिरजाबाई कायम शेवटच्या ओळीत, मांडीवर सूप घेऊन, बोलणं ऐकता ऐकता बिड्या वळत बसायच्या. तेंदूचं ओलं पान आणि तंबाखू यांनी त्यांची बोटं अशी फाटली होती की भेगांतून रक्त पानाला लागायचं. बोट वाकत नाही म्हणून बिडी सैल व्हायची. ठेकेदाराचा माणूस ती बाजूला टाकायचा. त्यानं सांगून ठेवलं होतं, सैल माल येत राहिला तर पानं-तंबाखू बंद, नाव कापणार. घरात दुसरी कमाई नव्हती. त्यांची दहा बोटं हेच त्यांचं घर होतं.

काकांनी त्यांची बोटं उजेडात धरून पाहिली. वास घेतला.

“कैची कोणत्या हातात धरता?”

“याच.”

“पान भिजवता ते पाणी त्याच दिवशीचं राहते काय?”

“रोज कुठून येते जी पाणी? नळ तासभर राहते.”

“भांडे कायनं घासता?”

“राखेनं.”

असं अर्धा तास चाललं. मग त्यांनी फळीवरची सगळ्यात जुनी, पहिल्या वर्गात पास झालेली वडी दिली. पंधरा दिवसांनी गिरजाबाई स्वतः आल्या, पायी. दारातूनच अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली, “काका, वाकते!” काका इतके खूश झाले की त्यांनी काकूंना बाहेर बोलावून पुन्हा वाकवून दाखवायला लावलं.

पण गिरजाबाईंनी दोऱ्यानं त्या वडीचे तुकडे करून गल्लीत वाटले होते. वडी संपली. गल्लीतल्या बाया मला विचारू लागल्या. काकांकडे गेले तर म्हणाले, “पुढची पिकाले महिना हाय.” फळीवर दहा वड्या डोळ्यांसमोर दिसत होत्या. मी म्हटलं, आता बस झालं.

त्या रात्रीत पत्रक लिहून काढलं. ‘नफेखोरांना धडा शिकवा! घरचा साबण घरीच करा!’ वर मथळा, मग व्यवस्थेवर दोन परिच्छेद, मग कृती. कृतीत मी काळजी घेतली होती, हे कुणी नाकारू नये. काकांनी भिंतीवर खडूनं लिहिलेली मापं वजनात दिली होती. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, भांडं चालत नाही, हे जाड अक्षरांत लिहिलं होतं. दीड महिना थांबा, हेही होतं. बर्फ मात्र मी गाळला. पारडीच्या गल्लीत बर्फाची लादी कुणाकडे असते? म्हाताऱ्याचा शौक आहे, गरिबाच्या कृतीत त्याचं काय काम, असं मला मनापासून वाटलं. शिवाय स्टेन्सिलवर जागा उरली नव्हती आणि व्यवस्थेवरचे परिच्छेद मला कापायचे नव्हते. मी लिहिलं, ‘बकरीचे दूध अर्धा किलो घ्या व त्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा घाला.’

दुसऱ्या सकाळी पत्रकं वाटून आले आणि एक काकांना दिलं. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखं दिलं. त्यांनी चष्मा लावून, ओठ हलवत, पूर्ण वाचलं. मला वाटलं आता चिडतील.

“दूध तापवू नका, असं काहून नाही लिहिलं वं?”

“म्हणजे?”

“घरात दूध आलं का बाई पह्यले काय करते?”

याचं उत्तर शाळेतल्या पोरीलाही ठाऊक आहे. दूध आलं की चुलीवर चढतं. कच्चं दूध घरात ठेवत नाहीत, नासतं. हे कुणी कुणाला सांगत नाही, हात आपोआप करतात.

“उकळत्या दुधात कॉस्टिक गेलं,” काका चपला शोधत म्हणाले, “तर ते गंजात राहत नाही.”

मे महिना, दुपारचे बारा. डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते पुढे, मी मागे, अशा दोन सायकली पारडीकडे निघाल्या. मी किती पत्रकं वाटली होती ते मला आठवेना. कुणाकुणाच्या हातात दिलं, ते चेहरेही आठवेनात. पहिल्या घरी पत्रक चूल पेटवायला गेलं होतं. दुसऱ्या घरी कॉस्टिक आणायला पैसे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं की माझं पत्रक कुणी वाचू नये.

गिरजाबाईंनी वाचलं होतं. म्हणजे शेजारच्या शिकलेल्या सुनेकडून वाचून घेतलं होतं, दोनदा. त्यांनी प्रत्येक अक्षर पाळलं. जर्मनचं भांडं नको म्हणून स्टीलचा गंज मागून आणला. वाण्याकडून वजन करून आणलं. बकरीचं दूध आणलं आणि आणल्या आणल्या, कुणीही करेल तसं, तापवलं. आम्ही त्यांच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून फसफस आवाज आला आणि मग किंचाळी.

दूध नारिंगी होऊन गंजाबाहेर उसळलं होतं. त्यांचा उजवा हात मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत भाजला होता.

एक बाई तूप घेऊन धावली, दुसरी हळद. काकांनी दोघींना असं ओरडून थांबवलं की तो आवाज त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. “काहीच नाही लावाचं! पाणी! नुसतं पाणी टाका, थांबू नका!” रांजणातलं पाणी दोन मिनिटांत संपलं. नळ सकाळी येऊन गेला होता, पुढचं पाणी उद्या. आणि मग त्या गल्लीतल्या बाया, मे महिन्यात, आपापल्या घरातलं प्यायचं पाणी घेऊन आल्या. पितळी गुंड, कळशी, बादली, जे असेल ते. एक ओतायची, मागची पुढे सरकायची.

“किती वेळ?” मी विचारलं.

“मायाजवळ घड्याळ नाही. पाढे म्हण. बेपासून. तीसपर्यंत झाले का मंग पाहू.”

मी म्हणायला लागले. बे एके बे. काका गिरजाबाईंचा हात कोपराशी धरून उतरता ठेवत होते आणि मध्येच मला, “मोठ्यानं म्हण वं,” असं दटावत होते. सतरा, एकोणीस, तेवीस, मी चुकायला लागले. पंचवीसचा पाढा आला आणि अचानक सगळी गल्ली माझ्यासोबत म्हणू लागली. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पण बिडीचं बंडल पंचवीसचं असतं. पंचवीस दुणे पन्नास, पंचवीस त्रिक पंचाहत्तर. दात आवळलेल्या गिरजाबाईही म्हणत होत्या. पंचवीस दाहे अडीचशेला त्यांनी डोळे उघडले.

तीसचा पाढा झाल्यावर गिरजाबाईंनी हात वर धरला. मनगटाची कातडी गेली होती, हाताच्या पाठीवर फोड होते. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवली. वाकली. पुन्हा एकदा जुळवून पाहिली.

“वाकते न?” काकांनी विचारलं.

“वाकते.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, तुम्ही लिहिलं तसंच केलं जी मी.”

दवाखान्यातून परत येताना मी काकांना म्हटलं, मला शिव्या द्या.

“शिव्यानं कातडी येते काय वं?” ते सायकल ढकलत पुढे झाले. मग म्हणाले, “मीही बर्फ दाखवला तुले. काहून लागते ते सांगितलं काय? नाही सांगितलं. मले वाटलं, पाहून समजते सगळं.”

गिरजाबाईंचा हात तीन आठवडे बांधलेला होता. तेवढे दिवस त्यांच्या नावावरच्या बिड्या गल्लीनं वळल्या, आपापल्या ढिगातून बाजूला काढून. ठेकेदाराच्या माणसाला पत्ताही लागला नाही, उलट माल सुधारला म्हणाला. नाव कापलं गेलं नाही. हे मी इथं ठणकावून लिहिते, कारण त्या तीन आठवड्यांत आमच्या समितीनं केलेलं काहीही त्या घराच्या उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडली ती गल्ली.

पट्टी सुटल्यावर गिरजाबाईंनी निरोप पाठवला. साबण करायचाच आहे, या वेळी बरोबर लिहून आणा. काका म्हणाले, इथं बसून लिहायचं नाही. मग आम्ही गल्लीतच बसलो. मी एकेक वाक्य वाचायचे, एक बाई ऐकून तसं करून दाखवायची, भांडी रिकामीच, आणि काका फक्त तिचे हात बघायचे.

मी वाचलं, “दूध थंड घ्यावे.”

“म्हणजे तापवून थंड केलेलं न?” ती बाई म्हणाली.

काकांनी मांडीवर थाप मारली. “लिही! हेच लिही!”

बर्फाचा प्रश्न गिरजाबाईंनीच सोडवला. लादी एकीला परवडत नाही, दहा जणींना परवडते, आणि साबण एका ठिकाणी करायचा. चार दिवसांनी व्यवस्थेवरचे परिच्छेद नसलेलं एक पत्रक तयार झालं. मी खाली नेहमीप्रमाणे ‘समिती’ लिहिलं.

“हे कोण?” गिरजाबाईंनी विचारलं.

“समिती. आम्ही सगळे.”

“कोणाचा हात भाजला तर कोणाच्या दारी जाव त्यानं? नाव लिहा ताई तुमचं. घर कुठी हाय तेही लिहा.”

मी नाव लिहिलं. पत्ता काकांचा लिहिला, त्यांना न विचारता.

पावसाळा लागला तेव्हा सक्करदऱ्याच्या त्या अंगणात साबणाच्या दिवशी आठ-दहा बाया असायच्या. गिरजाबाई ओट्यावर बसून, रेघ उमटेपर्यंतच्या वेळात, बिड्या वळायच्या. हाताच्या पाठीवर पांढुरका डाग राहिला होता. एका सकाळी कुठल्याशा दूरच्या वस्तीतली एक अनोळखी बाई पत्रक हातात घेऊन पत्ता विचारत आली. काखेत झाकलेला गंज होता.

“बकरीचं दूध आणलं जी,” ती म्हणाली. “कॉस्टिकही घेतलं. पण म्हटलं, टाकाच्या आधी एक डाव दाखवून याव. कागदावर पत्ता होता म्हून आली.”

काकांनी बोलायला तोंड उघडलं. गिरजाबाईंनी त्याआधीच हातातली बिडी सुपात टाकली, उठल्या आणि त्या डागाच्या हाताची पाठ गंजाला लावली.

“कोमट हाय अजून,” त्या म्हणाल्या. “बरं केलं आलीस. बस बाई. काकू, चहा मांडा वं, बकरीचा! हिले मी सांगते.”

काकांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि कप आणायला ते स्वतः आत गेले.